निरगुडसरच्या भिंतीवरची ओळ

जयवंत पेंटरने दोरीचं एक टोक भिंतीतल्या खिळ्याला बांधलं, दुसरं स्नेहाच्या हातात दिलं आणि मधोमध उभं राहून नीळ लावलेली ती दोरी चिमटीत धरून ताणून सोडली. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत निळी रेघ उमटली. अशा चार रेघा मारून झाल्यावर त्याने हात पायजम्याला पुसले.

"वाच आता," तो म्हणाला.

स्नेहाने पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि घसा साफ करून वाचायला सुरुवात केली. 'सुदृढ, निरोगी व रोगप्रतिकारक्षम टोमॅटो रोपांचे जुन्नर-आंबेगाव परिसरातील एकमेव विश्वसनीय दालन' असा मजकूर होता आणि ही नुसती सुरुवात होती. ती 'दालना'पर्यंत पोचली तेव्हा मंचरकडून आलेली एसटी भिंतीसमोर होती. पुढे अनुभव, सेवा, माफक दर आणि एकदा अवश्य भेट द्या, हे सगळं वाचून संपलं तेव्हा एसटी वळण घेऊन निरगुडसरच्या बाजूला दिसेनाशी झाली होती.

जयवंत गाडी गेली त्या वळणाकडे बघत राहिला. स्नेहाने पण तिकडे पाहिलं, मग कागदाकडे पाहिलं, आणि कागदाची पुन्हा घडी घातली.

"आधी चित्र काढा आप्पा," ती म्हणाली. "मी जरा आत नर्सरीत जाऊन बसते."

बाप बिचारा काय म्हणणार? वारूळवाडीच्या जयवंत पेंटरचा हात सरळ आणि तोंड बंद, अशीच त्याची पंचक्रोशीत ख्याती होती. वीसेक वर्षं तो भिंती रंगवत होता. बियाणं, खत, दंतमंजन, विड्या, शाळांवरचे सुविचार, जत्रांचे फलक, आणि निवडणूक आली की ज्या पक्षाचा चुना त्या पक्षाचं चिन्ह. कागदावर असेल ते तो भिंतीवर उतरवी, एक अक्षर इकडचं तिकडे करत नसे. लिहिणारे वेगळे आणि रंगवणारे वेगळे, असं तो म्हणायचा. पण हे लिहिणारे कोण असतात, कुठे बसतात, त्यांना हे सुचतं कसं, हा किडा त्याच्या डोक्यात फार वर्षं वळवळत होता. परांचीवर उभं राहून दुसऱ्याचे शब्द हातभर उंचीच्या अक्षरांत काढताना त्याला कधीकधी वाटायचं, यातला एखादा शब्द आपल्या घरातून निघाला असता तर.

म्हणून स्नेहा मराठी घेऊन बी. ए. झाली तेव्हा तो नारायणगावात भगवंत पब्लिसिटीच्या जिन्याची पायरी चढला. भगवंतरावांच्या त्या एका खोलीतून भिंती, हँडबिलं, रिक्षावरचे भोंगे आणि केबलवरच्या पाट्या असा सगळा जाहिरातीचा पसारा चालायचा. जयवंतने हात जोडून सांगितलं, पोरीला ठेवून घ्या, रंगवायला नाही, लिहायला. भगवंतराव हसले, पण नाही म्हणाले नाहीत. महिनाभर बघू, म्हणाले.

तो महिना स्नेहाला जड गेला. साडीच्या दुकानाचं हँडबिल तिने मोठ्या हौसेने लिहिलं, ते लाल पेन्सिलीने रक्तबंबाळ होऊन परत आलं. भोंग्याचा मजकूर लिहिला तर रिक्षात बसून बोलणाऱ्या माणसाला वाक्य संपेपर्यंत दम लागला, आणि तो तिच्यासमोर येऊन तांब्याभर पाणी प्यायला. भगवंतराव शिकवायचे ते असं की कागद परत देताना एकच प्रश्न विचारायचे, "हे तुला सांगायचंय, का गिऱ्हाइकाला ऐकायचंय?" स्नेहा कागद घेऊन पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसायची. जाहिरात लिहिणाऱ्याचं नाव कुठेच येत नाही, हे आधी पचव, मग बाकीचं शिकवतो, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. ते तिने पचवलं. बाकीचं काही केल्या पचत नव्हतं.

निरगुडसरच्या रस्त्यावरची सावळारामशेठच्या गोदामाची भिंत हे त्या महिन्यातलं शेवटचं काम होतं. भगवंतरावांनी सरळ सांगून टाकलं होतं की भिंत शेठच्या पसंतीला उतरली तर टेबल तुझं, नाही तर मी दुसरं माणूस बघतो. पुण्याला खडकीत स्नेहाचा मामा धम्मपाल होता. लिहिण्याचं जमलं नाही तर त्याच्याकडे राहून टायपिंग शिकायचं आणि सरकारी परीक्षांना बसायचं, हे तिने घरात कबूल केलं होतं. त्यात वाईट काहीच नव्हतं. पण मामाचं नाव निघालं की पोरीचा आवाज खाली येतो, हे बापाच्या कानाने टिपलेलं होतं.

तर जयवंत परांचीवर चढला आणि झाड काढायला लागला. त्याचं टोमॅटोचं झाड म्हणजे बघत राहावं असं असायचं. बांबूला सुतळीने बांधलेली फांदी, खाली झुकलेला घोस, त्यात पिकलेलं एक मोठं फळ. मधूनमधून तो खाली वळून बघे. स्नेहा नर्सरीच्या हिरव्या जाळीखाली एका पालथ्या क्रेटवर बसली होती. हातात कागद नाही, पेन नाही. शेतकरी येत होते, ट्रे उचलून बघत होते, रोप उपटून मुळं बघत होते, जात होते. दुपार झाली तरी ही बसलेलीच. डब्यातली भाकरी खातानाही तिचं लक्ष जाळीकडे होतं. जयवंतच्या मनात आलं, पोरगी घाबरली. पण विचारून तिला आणखी घाबरवण्यापेक्षा त्याने पानांच्या शिरा काढायला घेतल्या.

संध्याकाळी ती आली. कपाळावर घाम, केस विस्कटलेले. ती सांगू लागली की आप्पा, इथे दोन माणसं मिळून रोप घ्यायला येतच नाहीत. जो तो एकटा येतो. दुसरा कुणी आत असला तर बाहेर गाडी लावून थांबतो. कुठली जात घेतली, किती घेतली, कुणी कुणाला सांगत नाही, सख्ख्या भावाला नाही. आणि पीक उभं राहिलं की तेच सगळे एकमेकांच्या वावरात जाऊन विचारतात, रोप कुठलं रे? नर्सरीतला माळी सांगत होता, इथले बरेच जण असे विचारत विचारतच आलेले आहेत.

मग तिने सकाळचा कागद उलटा करून त्याच्यापुढे धरला. मागच्या कोऱ्या बाजूवर एकच ओळ होती.

रोप बघायला एकटे या, पीक बघायला गाव येईल.

जयवंतने ती एकदा वाचली, पुन्हा वाचली. मग सवयीने भिंतीकडे बघून मनात अक्षरं मांडली.

"बसतंय," तो म्हणाला.

याहून जास्त त्याच्याच्याने बोलवेना. त्याला रडू येईल असं वाटलं, म्हणून तो ब्रश धुवायला निघून गेला. रॉकेलच्या डब्यात ब्रश बुडवताना त्याने ती ओळ पुटपुटून बघितली. इतकी वर्षं शेकडो ओळी त्याच्या हातून गेल्या होत्या, पण घरी जाताना तोंडात राहिलेली ही पहिलीच.

दुसऱ्या दिवशी त्याने अक्षरं काढली. ओळीचा वरचा अर्धा भाग लाल, खालचा हिरवा, कडेने काळी सावली. खाली सावळाराम नर्सरी, निरगुडसर रस्ता, आणि कोपऱ्यात रिवाजाप्रमाणे बारीक अक्षरांत 'पेंटर जयवंत, वारूळवाडी.' ते बारीक नाव लिहिताना आज त्याला पहिल्यांदाच अवघडल्यासारखं झालं. रंगवणाऱ्याचं नाव भिंतीवर आणि लिहिणारीचं कुठेच नाही, हा कुठला न्याय, असं त्याने स्नेहाला विचारलंसुद्धा. ती हसून म्हणाली, तुम्ही सावली नीट काढा.

ऊन कलल्यावर सावळारामशेठची जीप आली. शेठ चार दिवस बाजाराच्या कामाने बाहेर होते, ते आज परतत होते, आणि वाटेत लेकीकडे असलेल्या आईला, सरूबाईंना, घेऊन आले होते. शेठ खाली उतरले, कमरेवर हात ठेवून भिंतीपुढे उभे राहिले. ओठ हलवत त्यांनी ओळ वाचली. एक भुवई वर गेली.

"ह्यात माझं रोप खात्रीचं हाय, हे कुटंच न्हाई," ते म्हणाले.

स्नेहा म्हणाली, "शेठ, खात्रीचं नसेल तर गाव कशाला येईल?"

शेठ पुन्हा भिंतीकडे वळले. मग मिशीतल्या मिशीत हसले आणि बरं हाय, म्हणाले. जयवंतचा जीव भांड्यात पडला. पण तो भांड्यात फार वेळ राहायचा नव्हता. जीपमध्ये बसलेल्या सरूबाईंनी हाक मारून विचारलं, काय लिव्हलंय रं? त्यांना वाचता येत नव्हतं. शेठनी मोठ्याने वाचून दाखवलं.

सरूबाई काठी टेकत खाली उतरल्या. वय झालेलं, पण आवाज खणखणीत.

"गाव बघाया येईल? उभ्या पिकाला?" त्या म्हणाल्या. "पुसा आधी ते."

जयवंतने स्नेहाकडे बघितलं आणि स्नेहाने जयवंतकडे. दोघांच्याही तोंडावर एकच भाव होता. हे आपल्याला कसं सुचलं नाही? रस्त्याने येताना दहा वावरांत उलटं टांगलेलं काळं मडकं दोघांनी पाहिलं होतं, बांधावरच्या काठीला लोंबणारी जुनी चप्पल पाहिली होती. पण पाहिलं म्हणजे ध्यानात आलं असं नसतं. त्यांच्या घरात दृष्ट हा शब्दच नव्हता. जयवंतच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरी येऊन दारावरचं लिंबू-मिरची आपल्या हाताने काढून टाकलं. त्यानंतर त्या घरात कुणाला तीट लागली नाही, कुणाची दृष्ट काढली गेली नाही. जयवंतची आई चिमाबाई तर अभिमानाने सांगायची की माझी पोरं बिनतिटीची वाढली आणि एकाचंही काही वाकडं झालं नाही. तिथे वाढलेल्या लेकीला आणि बापाला त्या ओळीत फक्त कौतुकाने बघायला येणारं गाव दिसलं होतं. बाकी साऱ्या वाटसरूंना त्यात आधी गावाची नजर दिसणार होती.

शेठची भुवई खाली आली. ते आईशी वाद घालणाऱ्यातले नव्हते, आणि खरं तर वाद घालण्यासारखं काही नव्हतंच.

"आई म्हणती तेच उद्या सगळा गाव म्हणल, पेंटर," ते म्हणाले. "नजर लागल्यालं रोप कोण न्हील? चुना मारून टाका. आपलं नेहमीचं लिवा. एकमेव, खात्रीशीर. भगवंतरावाला मी सांगतो काय सांगायचं ते."

काय सांगणार, ते जयवंतला कळलं. त्याचा हात चुन्याच्या बादलीकडे गेला. वीस वर्षांची सवय होती ती. गिऱ्हाईक म्हणालं पूस की पुसायचं. कुंचला चुन्यात बुडाला, वर आला, त्यातून चुना ठिबकायला लागला, आणि तेवढ्यात स्नेहा सरूबाईंच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"आज्जी, एक विचारू का?" ती म्हणाली. "नातवंडाला नटवून चार माणसांत नेता, तेव्हा काय करता?"

"काय करायचंय? गालाला तीट लावायची."

"मग या झाडाला पण लावली तर?"

काठीवर दोन्ही हात ठेवून सरूबाईंनी भिंतीवरचं झाड खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. घोस बघितला, पानं बघितली. शेठ आईच्या तोंडाकडे बघत होते. जयवंतच्या हातातला चुना त्याच्याच पायावर गळत होता आणि त्याला पत्ता नव्हता.

"कुटं लावशील?" सरूबाईंनी विचारलं.

"तुम्ही सांगाल तिथं."

सरूबाईंनी काठी उचलली आणि मधल्या पिकलेल्या, सगळ्यांत देखण्या फळाकडे रोखली.

"त्येला लाव. तेच लई नजरंत भरतंय."

स्नेहा बापाकडे वळली. आणि आता पंचाईत जयवंतची झाली. त्याने कुंचला बादलीत ठेवला, काळ्या रंगाचा डबा उघडला, परांचीवर चढला आणि थांबला. रंगवण्याच्या बाबतीत तो कधी सोवळा नव्हता. ज्यांच्या जत्रेला तो जात नसे त्यांचे फलकही त्याने मनापासून रंगवले होते. पण ते दुसऱ्यांनी लिहून दिलेलं असायचं. ही तीट त्याच्या लेकीच्या तोंडून निघाली होती. पाळण्यातल्या स्नेहाला बघून शेजारणी म्हणायच्या, अगं पोरीला काजळाचा ठिपका तरी लावा, आणि चिमाबाई त्यांना वाटेला लावायची. जयवंत तेव्हा आईच्या बाजूने उभा राहिला होता. त्याला त्याचा आजही अभिमान होता.

स्नेहा परांचीखाली आली. बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने बोलली.

"आप्पा, भिंत आपल्या घराची नाही. वाचणारे पण आपण नाही. आपण मानत नाही ते नाहीच मानायचं. पण ज्यांना वाचायचंय त्यांचं झाड आहे ते."

जयवंत खाली बघत राहिला. ही एवढी कधी झाली? महिनाभर भगवंतराव जो प्रश्न विचारत होते त्याचं उत्तर पोरीने त्याच्या पायाशी उभं राहून दिलं होतं, आणि दिलंय हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्याने ब्रश खाली ठेवला. तीट काही ब्रशने लावत नाहीत. त्याने उजव्या हाताचं बोट काळ्या रंगात बुडवलं आणि त्या लालबुंद फळाच्या गालावर, जरा एका अंगाला, टेकवलं.

आयुष्यात कुणाला लावलेली ती त्याची पहिली तीट. जरा फेंगडी आली, पण तिटी तशाच येतात.

सरूबाई जवळ गेल्या, लांब आल्या, मान तिरकी करून बघितलं. मग म्हणाल्या, "आता येऊ दे कोन बघाया येतंय ते." आणि जीपमध्ये जाऊन बसल्या. शेठ मात्र तिथेच उभे राहून हसत सुटले. भर रस्त्यावर टोमॅटोला तीट लावलेली त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. त्यांनी माळ्याला हाक मारून दाखवली, मग रस्त्याने चाललेल्या एका सायकलवाल्याला थांबवून दाखवली. सायकलवाल्याने आधी तीट बघितली आणि मग वरची ओळ वाचली. स्नेहाने तेवढं बरोबर टिपलं.

घरी आल्यावर चिमाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि लेकाला चांगलं फैलावर घेतलं. तुझ्या बापानं पाहिलं असतं तर काय म्हणला असता, असं विचारलं. मग भाकरी थापता थापता चिमाबाई तव्याकडे बघतच म्हणाल्या, "पन ती बया गप झाली ना?" झाली, असं स्नेहाने सांगितलं. "मंग ठीक," चिमाबाई म्हणाल्या, आणि पहिली भाकरी नातीच्या ताटात टाकली.

भगवंतराव भिंत बघून आले. कौतुकाचा शब्द त्यांच्या तोंडून सहसा निघत नसे, तो याही वेळी निघाला नाही. त्यांनी स्नेहाच्या टेबलावर चपलांच्या दुकानाचं काम टाकलं आणि सोमवारपर्यंत पाहिजे, म्हणून सांगितलं. संध्याकाळी खडकीच्या मामाला फोन करायला स्नेहा स्वतः एसटीडी बूथवर गेली. लांब उभ्या असलेल्या जयवंतला काचेतून फक्त तिचे हात दिसत होते. ते सारखे हलत होते.

त्या हंगामात सावळारामशेठच्या नर्सरीत रोप पुरेना. लोक तिटीचं झाड कुठलं ते विचारत येत, एकटेच येत, आणि आत कुणी असला तर बाहेर थांबत. शेठनी पुढच्या वर्षी तीच ओळ कॅलेंडरवर घेतली, रिक्षाच्या भोंग्यावर घेतली. बाजारात क्रेट लावणारे हमाल ती एकमेकांना ऐकवायला लागले.

आणि जयवंत पेंटरचं बंद तोंड उघडलं ते उघडलंच. चहाच्या टपरीवर, विहारात, सोयऱ्यांच्या लग्नात, एसटीत शेजारी बसलेल्या परक्या माणसाला, कुणालाही तो सांगायचा की ती निरगुडसरच्या रस्त्यावरची ओळ आहे ना, ती माझ्या स्नेहाने लिहिली. गाडी भिंतीसमोरून जायची असली तर तो आधीच खिडकी गाठायचा. लोक कौतुक करायचे, काही जण दुसऱ्यांदा ऐकतानाही करायचे. स्नेहाला हे कळलं तेव्हा ती लाजली, मग रागावली. भगवंतराव म्हणतात, लिहिणारा दिसायला लागला की माणूस ओळ वाचायचं सोडून त्याचं तोंड बघतो, असं तिने बापाला समजावलं. जयवंतने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी त्याने न्हाव्याला सांगितलं, ती ओळ माझ्या स्नेहाने लिहिली.

दोन पावसाळे गेले. स्नेहा आता स्कूटीवरून गिऱ्हाइकांकडे जायची, आणि तिच्या हाताखाली शिकायला एक मुलगी आली होती. जयवंतला पंचायत समितीचं काम मिळालं होतं, डोंगराकडच्या शाळांच्या भिंती रंगवायचं. त्यासाठी तो एका सकाळी घोडेगावला डोंगराकडची गाडी पकडून बसला. पायाशी रंगांची पिशवी, मांडीवर गुंडाळलेली दोरी.

शेजारी एक म्हातारी येऊन बसली. डोईवरचं गाठोडं तिने मांडीवर घेतलं आणि गाडी हलायच्या आत बोलायला लागली. नाव कुशाबाई. पार वरच्या वाडीची. नातीला भेटून येत होती. नात सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून लागली होती, पांढऱ्या कपड्यात लई शोभत व्हती, असं तिने दोनदा सांगितलं. जयवंत ऐकत होता. त्याच्या मनात आपल्या पोरीचं कधी काढावं याची जुळवाजुळव चालली होती, पण म्हातारी फटच ठेवत नव्हती.

नातीला आईबाप नव्हते. कुशाबाईने हिरडा वेचून तिला वाढवली, शिकवली. तेव्हा भावकीतलं एक माणूस दारात आलं नव्हतं. उलट पोरीच्या जातीला कशाला शिकवतीस, म्हणून नावं ठेवली होती. आणि आता नोकरी लागल्यापासून रोज कुणीतरी हजर. कुणी स्थळ घेऊन येतो, कुणी नुसता चहाला येतो, सगळेच आमची पोरगी, आमची पोरगी करतात.

"चालायचंच," कुशाबाई म्हणाली. "रोपाला येकली, पिकाला गाव. म्हनत्यात ते काय खोटं न्हाई."

जयवंतने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. गाडी चढाला लागली होती. खिडकीबाहेर भाताची खाचरं होती आणि वर हिरड्याची झाडं. टोमॅटोचं झाड इकडे औषधालाही नव्हतं. ही बाई निरगुडसरच्या रस्त्याने कधी गेली असेल असंही वाटत नव्हतं, आणि गेली असती तरी तिला वाचता येत नसावं. शिवाय ओळ जशीच्या तशी राहिली नव्हती. वाटेत कुणीतरी, कुणी कुणी, तिचं नको तेवढं छाटून टाकलं होतं.

"हे कुटं ऐकलं मावशी?" त्याने विचारलं.

"ऐकायचं काय त्यात?" कुशाबाईला त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "जुनी म्हन हाय. माजी आजी म्हनायची."

जयवंतने बोलायला तोंड उघडलं. वाक्य नेहमीचंच होतं, दोन वर्षं घोटलेलं, जिभेवर तयार होतं. गाडीत बसायला जागा नव्हती इतकी माणसं होती, सगळ्यांना ऐकू गेलं असतं. म्हातारी त्याच्याकडे बघत होती, आपल्या आजीची पुरती खात्री असलेली, एका हाताने गाठोडं धरून.

त्याने मांडीवरची दोरी एकदा सोडली, पुन्हा नीट गुंडाळली.

"खरंय मावशी," तो म्हणाला. "आमच्याबी घरात म्हणत्यात."